बार्नबी जहाजाचे उरलेले दोनशे पंचेचाळीस फूट

५ ऑक्टोबर, रविवार

आज ऑफिसात एक युद्धनौका आली. खोक्यातून.

आमच्या मुदीरने, म्हणजे कंपनीच्या मालकाने, इंग्लंडातल्या कुठल्याशा लिलावात एका जुन्या जहाजाची घंटा घेतली. इथे कुवेतात, फहाहीलला समुद्रासमोर तो माशांचं हॉटेल काढतोय, त्याच्या दारात टांगायला. सर्फराजने ती कस्टममधून सोडवून आणली आणि माझ्या टेबलाखाली सरकवली. "सांभाळ हां शत्रूभाई, तुझ्यापेक्षा दुप्पट वयाची आहे." सर्फराज दाभोळचा. आमचा मंदूब, सरकारी कचेऱ्यांत कंपनीची कागदपत्रं फिरवतो आणि मंगफला माझ्याच खोलीत राहतो. त्याची जीभ चोवीस तास ड्युटीवर असते.

घंटा पितळेची, मोठ्या कुकरएवढी, एका अंगाला तडा गेलेली. सोबतच्या कागदावर ठसठशीत अक्षरांत 'एच. एम. एस. बार्नबी, डिस्ट्रॉयर, १९११' आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत 'या जहाजावरील घंटा'. शिवाय जहाजाच्या सगळ्या नोकरीची हकिगत, टाइप केलेली तीन पानं.

कंपनीत आलेली प्रत्येक वस्तू सिस्टीममध्ये चढवणं हे माझं काम. तेवीस वर्षांत शत्रुघ्न तावडेने एक रकाना रिकामा सोडलेला नाही. 'लागू नाही' असंसुद्धा मी कधी लिहीत नाही, ते आळशी माणसाचं लक्षण. आता सिस्टीम विचारते, वस्तूचा प्रकार? क्रेन, जनरेटर, गाडी, कंटेनर, जहाज. पूर्वी 'इतर' होतं, पण लोक सगळंच 'इतर'मध्ये कोंबायचे म्हणून गेल्या ऑडिटला ते काढलं. तक्रार मीच केली होती. घंटा क्रेन नाही, जनरेटर नाही. कागदावर मोठ्या अक्षरात जे आहे ते धरायचं. मी 'जहाज' निवडलं.

मग रकान्यांची रांगच लागली. लांबी दोनशे सेहेचाळीस फूट. वेग सत्तावीस नॉट. खलाशी बहात्तर. तोफा चार, टॉर्पीडोच्या नळ्या दोन. तीन पानांत सगळं होतं, देवाची कृपा. स्थिती: चालू, भाड्याने, दुरुस्तीत. खरं तर १९२१ साली भंगारात काढलं असं शेवटच्या पानावर आहे, पण 'भंगार' हा पर्याय वर्कशॉपच्या दाखल्याशिवाय उघडत नाही. 'चालू' केलं. जबाबदार व्यक्ती: माझा नंबर. हिरवी खूण आली. ती आली की जेवण गोड लागतं.

संध्याकाळी मंदाचा फोन. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, २० नोव्हेंबर. गर्भाशय काढायचं, गाठ आहे, ती तपासायला पाठवणार. मी सतरापासून रजा टाकली आहे असं सांगितलं. म्हणाली, "नाही जमलं तरी चालेल हो. बाळा येईल सोबत." बाळा म्हणजे तिचा भाऊ. बायको समजूतदार मिळायला नशीब लागतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सिस्टीमला जहाजाची हकिगत किमान पाचशे शब्दांची लागते. म्हणून जेवणाच्या सुट्टीत ती तीन पानं वाचून काढली. काय सांगू, असलं ढिसाळ जहाज मी जन्मात पाहिलं नाही. दहा वर्षं नोकरी केली आणि एका ठिकाणी म्हणून वेळेवर पोचलं नाही!

१९१४ साली मालाच्या बोटींच्या राखणीला पाठवलं, तर बोटी आदल्या संध्याकाळीच सुटलेल्या. १९१६ साली उत्तर समुद्रात मोठी लढाई जुंपली, तेव्हा हे बंदरात बटाट्याची पोती भरून घेत होतं. दुसऱ्या दिवशी पोचलं, पाण्यावर तरंगणाऱ्या टोप्या गोळा केल्या आणि परत आलं. १९१७ला पाणबुडी समजून एका देवमाशावर दोन तास गोळे मारले, एकही लागला नाही. युद्ध संपल्याचं कळलं ते तीन दिवसांनी, कारण वायरलेस बिघडलेला.

आणि दर वेळी तो कप्तान ॲशवर्थ काय लिहितो? 'आदेशाची वाट पाहत होतो.' अरे शहाण्या, तिकडे माणसं बुडतायत आणि तू कसली वाट पाहतोस? असल्या माणसांची मला भयंकर चीड येते.

मंदाला फोन करायचा राहिला. उद्या करीन.

१२ ऑक्टोबर, रविवार

सिस्टीमने आपणहून सेफ्टीला मेल टाकला: नवीन जहाज, खलाशी बहात्तर, लाइफ जॅकेट शून्य. प्रज्वल धावत आला. प्रज्वल आमचा सेफ्टी ऑफिसर, पुण्याचा, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारा. "काका, व्हेअर इज द व्हेसल?"

मी टेबलाखाली बोट दाखवलं. त्याने वाकून पाहिलं. उभा राहिला. पुन्हा वाकून पाहिलं. मला वाटलं आता हसेल आणि विषय मिटेल. पण त्याच्या फॉर्मवर हसण्याला रकाना नाही. त्याने माझ्या टेबलाभोवती पिवळी पट्टी लावली, टॉर्पीडो आहेत म्हणून विडीकाडी मना असल्याची पाटी ठोकली आणि जहाज सोडण्याची वेळ आली तर कुठून पळायचं त्याचा बाण चहाच्या खोलीकडे काढला. हेल्मेट घातल्याशिवाय मला माझ्या खुर्चीत बसता येत नाही.

दुपारी बहात्तर लाइफ जॅकेटं आली. ठेवणार कुठे, म्हणून त्यांची चळत करून तिच्यावरच बसतो. खुर्चीपेक्षा बरं वाटतं पाठीला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मुदीरने कुवेत सिटीच्या ऑफिसात बोलावलं. अबू मिशारी म्हणतात त्याला, माणूस दिलदार. गेल्या गेल्या त्याने उठून माझ्या खांद्याला खांदा लावला. बंदराच्या मोठ्या टेंडरात अट होती, कंपनीचं स्वतःचं जहाज हवं. सिस्टीमने आपोआप यादी जोडली आणि आम्ही पहिल्या फेरीत पहिले आलो. दुसऱ्या कुठल्याच कंपनीच्या जहाजावर तोफा नव्हत्या म्हणे.

मी खरं ते बोलणारा माणूस. म्हटलं, "सर, ते जहाज नाही. घंटा आहे."

"कागदावर काय आहे?"

"कागदावर जहाज आहे."

"मग, या अबू विशाखा, तू कागदाला खोटं पाडतोस?" 'या' म्हणजे अरे, आणि अबू विशाखा म्हणजे विशाखाचा बाप, मुलांवरून बापाला हाक मारायची इथली रीत.

कागदावर नसेल तर ती वस्तू नाहीच, असं मीच तेवीस वर्षं सगळ्यांना दरडावत आलो. उलटं झालं तर काय, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

घरी येऊन मंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "छान झालं. डॉक्टर विचारत होते, सोबत कोण असणार." म्हटलं, सांगून टाक ना बाळाचं नाव. त्यावर काहीच आवाज आला नाही. नेट खराब असावं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. सर्फराजची बहीण जवेरिया सुट्टीवरून परतली, तिच्याबरोबर मंदाने फराळ धाडला. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: ह्या आधी संपवा, ह्या नंतर, ह्या सर्फराजभाऊंना. बाई आहे की स्टोअरकीपर!

सर्फराज करंजी खाता खाता म्हणाला, "भाभी घाबरली असेल ना रे?" छे! मंदा घाबरणाऱ्यातली नाही. विशाखा झाली तेव्हा मी चार दिवस उशिरा पोचलो, ही हसत होती. आमची आई, ठकूबाई, गेली तेव्हा दहाव्याला पोचलो. सगळं मंदानेच निभावलं, अवाक्षर काढलं नाही. नव्या घराची वास्तुशांत मी फोनवर पाहिली. दर वेळी कारण होतं, एकदा ऑडिट, एकदा शटडाऊन, एकदा तो मेला कोरोना. रजा मंजूर व्हायची वाट पाहावी लागते, उठलं आणि सुटलं असं नसतं.

सर्फराज हात झटकत म्हणाला, "तुझी आणि त्या जहाजाची जोडी चांगली जमलीय." मी थँक्यू म्हटलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

आता एच. आर. वाल्या उस्ताद वाएलची पाळी. वाएल इजिप्तचा, मन्सूरा गावचा, अतिशय सभ्य. सिस्टीम त्याला बहात्तर खलाशांचे सिव्हिल आयडी मागते. हकिगतीत फक्त अकरा नावं आहेत. त्या अकरा जणांना आज हजेरीबद्दल खुलासा मागणारी पत्रं निघाली. कप्तान ॲशवर्थ सलग एकशे चार वर्षं गैरहजर, आजारपणाचा दाखला नाही.

वाएलने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हे लोक वारले असतील का?"

"असावेत."

"मग मृत्यूचा दाखला लागेल, नाहीतर पत्र दर महिन्याला जाणार." एवढं बोलून तो कपाळ दाबत बसला. ॲशवर्थचं पत्र त्याने माझ्याकडेच दिलं, जहाजावर पोचवायला. मी घंटेखाली सरकवून ठेवलं.

२ नोव्हेंबर, रविवार

आज सगळा घोटाळा झाला.

रजेवर जायचं तर क्लिअरन्सच्या कागदावर आठ सह्या लागतात. त्या झाल्याशिवाय कंपनी परवानगी देत नाही, आणि कंपनीने ॲपवर परवानगी दिल्याशिवाय विमानतळावरून कोणी बाहेर पडू शकत नाही. सात सह्या तासाभरात झाल्या. आठवी स्टोअरची. तिथला कारकून म्हणाला, "तुमच्या नावावर एक युद्धनौका आहे. ती कोणाच्या तरी ताब्यात द्या."

अख्ख्या ऑफिसात फिरलो. गेली दहा-पंधरा वर्षं ज्यांना मी रकाने रिकामे सोडल्याबद्दल फॉर्म परत पाठवले, ते सगळे आज मान खाली घालून कामात होते. एक सर्फराज तयार झाला. पण सिस्टीम म्हणते, जहाज घेणाऱ्याकडे दर्यावर्दी कागद हवा. सर्फराजने घरून आजोबांच्या खलाशाच्या पुस्तकाचा फोटो मागवला, आजोबा बोटीवर कोळसा टाकायचे. सिस्टीमने तो चक्क वाचला आणि कळवलं की मुदत १९६१ साली संपली आहे, नूतनीकरण करून घ्या.

अठरा दिवस आहेत अजून. होईल काहीतरी. मंदाला सांगितलं नाही, उगाच काळजी करेल.

५ नोव्हेंबर, बुधवार

डोकं चालवलं. जहाज भंगारात काढायचं! नाहीतरी ते १९२१ सालीच गेलंय, मी फक्त कागद त्याच्या मागे नेतोय. वर्कशॉपच्या दाखल्याला चारही बाजूंनी फोटो लागतात. घंटेचे चार सुंदर फोटो काढले, तडा दिसेल असे.

तासाभरात फोरमनचा शेरा आला: 'नोंदीप्रमाणे लांबी २४६ फूट. फोटोत १ फूट. उरलेले २४५ फूट कुठे आहेत?'

मी वाचून खो खो हसलो. मग शेऱ्याखाली पाहिलं, त्याची प्रत सिक्युरिटीला गेली होती.

९ नोव्हेंबर, रविवार

माझ्यावर दोनशे पंचेचाळीस फूट युद्धनौका लांबवल्याचा संशय आहे.

सिक्युरिटीवाल्यांनी मीना अब्दुल्ला भागातलं कंपनीचं यार्ड पालथं घातलं. मग मंगफची आमची खोली बघायला आले. सर्फराजने खाटेखालची पेटी उघडून दाखवली, "बघा साहेब, एखादी तोफ सापडली तर मला पण हवीच आहे." त्यांनी लिहून घेतलं: तोफ आढळली नाही. मी सही केली. प्रज्वलने टेप लावून घंटा पुन्हा मोजली आणि अहवालात 'आंशिक उपलब्ध' असं लिहिलं.

शेवटी मुदीरने मध्ये पडून चौकशी थांबवली आणि मला चहा पाजला. टेंडरवाल्यांची माणसं एकोणीस तारखेला जहाज बघायला येणार आहेत. तोपर्यंत मी हलायचं नाही. त्यांना काय दाखवायचं ते अल्ला आणि अबू विशाखा बघून घेतील! आजपासून मी फ्लीट मॅनेजर. स्वतंत्र केबिन, दारावर नाव, भिंतीवर नांगराचं चित्र.

तेवीस वर्षांनी दारावर नाव लागलं. खोटं कशाला लिहू, छाती भरून आली.

मंदाला लगेच फोन लावला. केबिन दाखवली, नांगर दाखवला, आणि ऑपरेशनला येता येणार नाही हेही सांगितलं. ती म्हणाली, "अभिनंदन. राहा मग." कुरकुर नाही, रडारड नाही. डिसेंबरात जाईन असं म्हणालो, तर म्हणाली, "बघू." हकिगतीतल्या कप्तानाला असली बायको असती तर तो सुधारला असता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

विशाखाचा फोन. माझी मुलगी एरवी माझ्याशी दोन वाक्यं बोलते, आज ताडताड बोलली. "बाबा, आईने कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. कुठली साडी कोणाला, कुठलं पातेलं कोणाचं परत करायचं, सगळं वहीत लिहून ठेवलंय. तुम्हाला काही कळतंय का?"

म्हटलं, कळतंय तर! एवढी वर्षं मी कानीकपाळी ओरडलो, नोंद ठेवा, नोंद ठेवा. शेवटी शिकली. विशाखाने फोन आपटला. आजकालच्या मुलांना शिस्तीचं कौतुक नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी विशाखाने काही न लिहिता मंदाच्या वहीच्या पानांचे फोटो पाठवले. केबिनमध्ये बसून मोठे करून पाहिले. नोंदी स्वच्छ, अक्षर सुवाच्य. दूधवाला, गॅसचा नंबर, काजूच्या कलमांना पाणी कधी. हिरवी पैठणी विशाखाच्या लग्नात तिला. बांगड्या रेखाला, म्हणजे बाळाच्या बायकोला. समई देवळात.

शेवटच्या पानावर माझं नाव. 'ह्यांना चहात साखर अर्धा चमचा. विचारलं तर एक सांगतील, ऐकू नये. बनियन मोठ्या मापाचे आणावेत, स्वतः लहान आणतात. जेवताना बोलत राहावं, नाहीतर जेवत नाहीत. कोणी आसपास नसलं की खचतात, पण कबूल करायचे नाहीत.'

माझ्या मनात आधी आलं की साखर एक चमचाच लागते, नोंद चुकली आहे. मग मी ते पान पुन्हा वाचलं. मंदा जायची तयारी करतेय. घर माझ्या ताब्यात देतेय, क्लिअरन्स घेतेय एकेका सहीने, आणि मी तिला नांगराचं चित्र दाखवलं.

मला भीती वाटते. आई गेली तेव्हाही अशी वाटली नव्हती. मंदा गेली तर मी कुठे परत जायचं?

दुपारभर एकही नोंद केली नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

मी आज बार्नबी बुडवली.

मुदीरकडे दोनदा गेलो, पायच धरायचे बाकी ठेवले. तो म्हणाला, वीस तारखेला जा, एकोणीसला पाहुणे आहेत. म्हटलं, वीसला सकाळी ऑपरेशन आहे. म्हणाला, इन्शाल्ला बरी होईल, फुलं पाठवतो. वाईट माणूस नाही तो. त्याला वाटतं बायकांची ऑपरेशनं होतच असतात. गेल्या गुरुवारपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

मग दारं लावून सिस्टीम उघडली. फोटो न मागता वस्तू नावावरून उतरवायचा एकच मार्ग आहे, 'संपूर्ण नाश'. तिथे आजवर कोणी गेलेलं नाही. उघडलं आणि भरायला बसलो.

नाशाचा प्रकार: बुडाले. ठिकाण: अक्षांश-रेखांश लागतात, टेबलाचे घातले. पाण्याची खोली: पहिला मजला असल्याने वजा चौदा फूट येत होती, सिस्टीमने घेतली. समुद्राची स्थिती: शांत. कारण: जबाबदार व्यक्तीचा हलगर्जीपणा. हे पुसता येत नाही आणि एवढ्यावर नोकरी जाते. तरी लिहिलं. त्या फॉर्मवर तेवढी एकच गोष्ट पूर्ण खरी होती.

पुढचा रकाना: खलाशांपैकी वाचलेले. अकरा नावं मला पाठ झालीत. बहात्तर लिहिलं. खाली तपशील मागितला, तर लिहिलं: सर्व जण आपापल्या घरी पोचले.

हिरवी खूण आली. स्टोअरची सही आपोआप झाली. आठ.

राहिली ॲपवरची परवानगी, ती वाएलच्या बोटात. त्याने स्क्रीन वाचली, मग मला वाचलं. "तावडे, तू शुद्धीवर आहेस? चौकशी बसेल. काढून टाकतील."

"ठाऊक आहे."

"बायको?"

मी नुसती मान हलवली. त्याची बायको मन्सूरात, तीन वर्षं भेट नाही. त्याने बटण दाबलं आणि कपाट उघडून उगाचच त्यात काहीतरी शोधत म्हणाला, "जा. सिस्टीमने केलं, मी काही केलं नाही."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सर्फराजने विमानतळावर सोडलं. वाटेत त्याची बडबड बंद, तेव्हाच मला धसका बसला. उतरताना म्हणाला, "मुदीरने मजलिसमध्ये, त्याच्या पाहुण्यांच्या बैठकीत, जहाजाचा दुखवटा ठेवलाय. टेंडरवाल्यांची सांत्वनाची चिठ्ठी पण आली. सगळे तुझ्या खलाशांचं कौतुक करतायत, बहात्तरपैकी बहात्तर!" मग मिठी मारली आणि रडला. मीही रडलो. पोलीस 'गाडी पुढे घ्या' म्हणून ओरडत होता.

१९ नोव्हेंबर, बुधवार. रत्नागिरी

मुंबईला उतरून कोकण रेल्वे धरली, दुपारी दवाखान्यात पोचलो. मंदा खाटेवर बसून नखं कापत होती. मला पाहून तिने नेलकटर खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"रजा किती दिवस?"

"रजा नाही. जहाज बुडालं."

"कोणी गेलं नाही ना?"

"नाही."

"मग बरं झालं," असं म्हणाली आणि सरकून मला खाटेवर जागा दिली. मी बसलो. म्हटलं, "मंदा, मला भीती वाटतेय गो."

"मला महिनाभर वाटतेय. तुम्ही विचारलंत?"

"तू म्हणायचीस, चालेल."

"मग काय म्हणू? चालत नाही म्हटलं असतं, तर तुम्ही काय केलं असतंत? अर्ज." यावर दोघंही हसलो, आणि हसता हसता ती रडायला लागली. तेवीस वर्षांचं एकदम रडली. बाळा चहा घेऊन आला होता, तो दारातूनच परत गेला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी साडेनऊला तिला आत नेलं. दहाला फोन वाजला. चौकशी समिती. प्रज्वल प्रश्न विचारणार, मुदीर आणि वाएल ऐकणार. मी जिन्यावर जाऊन उभा राहिलो.

प्रज्वल फॉर्म इंग्रजीतून वाचत होता. अवशेषांत एक घंटा सापडली आहे, हे मला मान्य आहे का? आहे. वादळ नसताना जहाज बुडालं, हे मान्य आहे का? आहे. "अपघातानंतर चौकशी होईपर्यंत जबाबदार व्यक्तीने जागा सोडायची नसते. सध्या तुम्ही कुठे आहात?"

"रत्नागिरीत. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर."

"नेमून दिलेल्या जागी का नाही?"

"इथेच नेमलंय मला."

मग प्रज्वलने पहिल्यांदाच माझ्याशी नीट मराठीत बोलून विचारलं, "काका, इथे दोनच पर्याय आहेत, हजर आणि गैरहजर. काय लिहू?"

"गैरहजर लिही."

"मग सेवा समाप्त होते, काका."

"लिही म्हणतो ना!" मी इतक्या जोरात ओरडलो की नर्सने दटावलं. तेवीस वर्षांत माझा तिथला पहिला खाडा. मुदीर मागून अरबीत काहीतरी म्हणाला. वाएलने सांगितलं, तो तुझ्या बायकोसाठी दुवा मागतोय. फोन ठेवला.

सव्वाबाराला तिला बाहेर आणलं. सगळं ठीक झालं. गाठीचा रिपोर्ट आठ दिवसांनी, तोवर जीव टांगणीला राहणार. आता संध्याकाळचे पाच वाजलेत आणि मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसून हे लिहितोय. भूल पुरती उतरलेली नाही. दर थोड्या वेळाने ती डोळे उघडते, माझ्याकडे बघते आणि विचारते, "कधी आलात?"

मी सांगतो, "काल."

तिला खरं वाटत नाही. डोळे मिटते, आणि जागी झाली की परत तेच विचारते. आतापर्यंत नऊ वेळा विचारून झालंय.